आमेन मीही म्हटलं होतं

एस्तेर, इकडे ये बघू. अशी जवळ बस. खुर्चीच्या कडेला टेकू नकोस, 'निघतेच हं' करत. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि त्याआधी थोडं रागवायचंय.

नवं घर बघायला येते, असं किती वेळा म्हणालीस? आधी म्हणालीस, पडदे लागू देत. मग म्हणालीस, लिफ्ट नीट चालू होऊ दे, मला सतरा मजले चढायला लावतेस का. पडदे लागले, लिफ्ट चालू झाली, आणि तू शिवडीला मातीखाली जाऊन निजलीस. एकोणीस दिवस झाले. ही काय रीत झाली, बाई? चाळीस वर्षं नायगावच्या चाळीत आपली दारं समोरासमोर. तुझ्याकडे फोडणी पडली की शिंक माझ्याकडे. चाळ पाडली तेव्हा तू भायखळ्याला लेकीकडे गेलीस, मी भाड्याच्या खोलीत दिवस काढले, आणि आता कुठे हे घर हातात आलं. खिडकीतून शिवडीच्या बाजूची झाडं दिसतात. त्यातलं तुझ्या डोक्यावरचं कुठलं, ते मी रोज सकाळी चहा पिताना शोधते. अजून ठरत नाही.

पण तुला बोलावलं ते घरासाठी नाही. येत्या रविवारी देवळात प्रभुभोजन आहे, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि रस घ्यायचा. भाकर कापायची, द्राक्षरस करायचा, हे तुझं तीस वर्षांचं काम पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. म्हणाले, "लीलाताई, एस्तेरबाई कसं करायच्या ते तुम्हालाच ठाऊक." काम मी करीन गं. पाव आदल्या दिवशीचा घ्यायचा म्हणजे चुरा होत नाही, काळ्या मनुका भिजवून उकळायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या, फडकं पिळायचं नाही. सगळं ठाऊक आहे. अडलंय ते पुढे. रविवारी थाळी फिरत फिरत माझ्यापर्यंत आली की मी तुकडा उचलू की नको?

तू शेवटची नऊ वर्षं उचलला नाहीस. तूच कापलेले तुकडे तुझ्यासमोर यायचे, आणि तू थाळी शेजारणीकडे द्यायचीस, गाण्याचं पुस्तक द्यावं तशी. कुणी बघायचं नाही, कारण त्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे नसायचे. मी तुझ्या मागच्या बाकावर.

थाळी फिरायच्या आधी पाळकसाहेब दर वेळी सांगतात, कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही सलत असेल तर आधी जा, समेट करा, मग मेजापाशी या. सगळे मान खाली घालतात, अर्धं मिनिट जातं, थाळी निघते. अर्ध्या मिनिटात कोण कुठे जाऊन समेट करणार? तू मात्र ते जसंच्या तसं धरलंस. माझ्या मनात तुझ्याविषयी सलत होतं, म्हणून तू थांबलीस. आणि जिच्या मनात सलत होतं ती मी, तुझ्या मागे बसून दर महिन्याला तुकडा उचलत होते. खाऊन तोंड पुसत होते.

हे आपल्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आता पाळकसाहेब देवळातल्या मंडळीच्या मासिकासाठी तुझ्यावर चार ओळी लिहा म्हणाले, तर मी हेच लिहायला बसले. तुला ठाऊक असलेलंही सांगते आहे, ते वाचणाऱ्यांसाठी. कंटाळू नकोस.

माझं शिक्षण तुला माहीत आहे. शाळेचं तोंड बघितलं नाही. देवळातली गाणी पाठ होती, तेव्हा गाण्याच्या पुस्तकात बोट फिरवत कुठला शब्द कुठे आला ते ओळखायचे, तशी अक्षरं जमली. त्यामुळे मला मोठ्या गोष्टी विचारू नयेत. पण प्रश्न पडायचं काही थांबत नाही. नऊ वर्षं एकच प्रश्न मी उलटा-सुलटा करून बघतेय: प्रार्थनेत पाप होऊ शकतं का? डोळे मिटून, हात जोडून, देवाच्या नावानं तोंड उघडलं आणि त्यातच चूक झाली, तर ती जाते कुणाच्या खात्यात?

तेव्हा माझा आशिष तिशीचा होता आणि पीत होता. थोडी थोडी नाही. पिण्याच्या पाण्याच्या पिंपामागे बाटली असायची. शेवटी स्वतःच म्हणाला, आई, मला कुठेतरी ठेव. कर्जतच्या बाजूला एक केंद्र होतं, तिथे भरती केला. जाताना एवढंच म्हणाला, "कुणाला सांगू नको." मी चाळीत सांगितलं, नाशिकला नोकरी लागली. सावंतकाकूंनी तर पेढे मागितले, ते वाटले मी. खोट्याचे पेढे, आणि चांगले गोड लागले.

पण तुला सांगितलं. भायखळ्याच्या भाजीबाजारातून येताना, बसस्टॉपवर, मांडीवर मेथीची जुडी. तू मेथीची पानं खुडायला लागलीस, तिथेच, बस येईपर्यंत. मी म्हटलं, कुणाला सांगू नको. तू म्हणालीस, "मी कुणाला सांगायला जाते?"

आणि तो बुधवार. बायकांची प्रार्थनासभा डिलाईल रोडला साळवेवहिनींकडे. दहा बाय बाराच्या खोलीत आपण बारा जणी, गोल बसून, एकमेकींचे हात धरून. आपली पद्धत, एकेकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. कुणाच्या गुडघ्यासाठी, कुणाच्या नातवाच्या परीक्षेसाठी. मग तुझी पाळी आली. माझा डावा हात तुझ्या हातात. तू म्हणालीस, "आणि प्रभू, आमच्या लीलाच्या आशिषला दारूच्या बंधनातून सोडव. तिथे कर्जतला त्याला झोप लागत नाही, त्याला झोप दे."

माझे डोळे मिटलेलेच होते, तरी अकरा जणींचे कान माझ्याकडे वळलेले मला दिसले. हात सोडवून घ्यावा तर ते सगळ्यांना कळणार. मी तशीच बसले. तू 'येशूच्या नावात' म्हणून संपवलंस आणि सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं. मीही म्हटलं. सवयीनं, दुसरं काय. जीभ आपली आपण चालली.

जिन्यावर मी तुला गाठलं.

"हे काय केलंस?"

"प्रार्थना केली."

"माझ्या घरातलं बाहेर काढलंस तू."

"मी देवाशी बोलत होते, लीला."

"देव बहिरा आहे का? मनात म्हणायचं होतं."

"मग बारा जणी जमलो कशाला? आपापल्या घरीच बसलो असतो."

"निदान विचारायचं तरी आधी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"तेच म्हणतेय मी."

तू दोन पायऱ्या उतरलीस, मागे वळलीस, आणि म्हणालीस, "आमेन तर तूही म्हटलंस की."

त्यावर मी चार महिने तुझ्याशी बोलले नाही. समोरासमोर दारं असताना चार महिने न बोलणं सोपं नसतं. नळावर, जिन्यात, वाळत घातलेल्या चादरीच्या दोन्ही बाजूंना आपण दोघी. सावंतकाकू मला विचारायच्या, "नाशिकला बरा आहे ना गो मुलगा?" आणि माझ्याकडे न बघता विचारायच्या. तेव्हाच समजले, चाळभर झालं. रविवारी देवळात माझ्या पाठीवरून इतके हात फिरले की ब्लाउज विरायचा राहिला.

त्या दिवसांत मला कॅथलिक लोकांचा हेवा वाटायचा. त्यांचं बरं, जाळीच्या आड जाऊन फादरच्या कानात सांगायचं, आणि फादरनं मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आपण म्हणतो, मध्ये माणूस नको, थेट देवाला सांगा. थेट देवाला सांगताना मध्ये अकरा बायका येतात, त्याचं काय? हे मी तुला पुढे एकदा म्हटलं होतं. तू हसून हसून पदर तोंडात घातलास.

एक गोष्ट मात्र त्या चार महिन्यांतही थांबली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी तू पावाच्या कडा कापायचीस आणि त्या कडांचा चिवडा करायचीस. कांदा, कढीपत्ता, हिरवी मिरची, वरून लिंबू. त्याची वाटी माझ्याकडे यायची, ती येतच राहिली. तू दारात ठेवायचीस, कडी वाजवायचीस, निघून जायचीस. मी रागानं म्हणायचे, खाणार नाही. संध्याकाळपर्यंत वाटी रिकामी. धुऊन तुझ्या दारात ठेवायची, तीही कडी वाजवून. भांडणसुद्धा किती शिस्तीत केलं आपण.

पुढे काय झालं ते मंडळीला ठाऊक आहे, पण त्याची सुरुवात कुठून ते नाही. तुझ्या त्या प्रार्थनेनंतर महिन्याभरात तीन जणी माझ्याकडे आल्या. एकेकट्या, दार लोटून घेऊन. एकीचा नवरा, एकीचा भाऊ, एकीचा जावई. त्याच देवळात वीस वर्षं एका रांगेत बसलो, एकच गाणी म्हटली, आणि एकमेकींच्या घरातल्या पिंपामागे काय आहे ते कुणाला कळलं नव्हतं. सगळ्यांनी नाशिकचे पेढे वाटले होते.

मी त्यांना तुझ्याकडे पाठवलं. तुझ्याशी बोलत नव्हते, तरी पाठवलं, चिठ्ठी देऊन. आणि तू गेलीस मंडळीच्या पंचांकडे, की गुरुवारी संध्याकाळी देवळाचा हॉल पिणं सोडू बघणाऱ्यांसाठी उघडा. ती सभा मी मागच्या खुर्चीवरून ऐकली. एक पंच म्हणाले, "एस्तेरबाई, देवळाचा हॉल दारुड्यांना द्यायचा?" तू शिलाईचं काम मांडीवर घेऊन बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "रविवारी कोण येतं मग?"

दुसरा वाद पाळकसाहेबांशी. ते म्हणाले, आपल्या मंडळीपुरतं ठेवू. तू म्हणालीस, दारू मंडळीपुरती आहे का. मग ते म्हणाले, बाहेरचे आले तर निदान सुवार्तेची पत्रकं ठेवू खुर्च्यांवर. तू म्हणालीस, "चहा ठेवा. ज्याचे हात कापताहेत त्याच्या हातात कागद काय देताय, साहेब?" पाळकसाहेब भला माणूस, दुसऱ्या गुरुवारी स्वतः चहाची किटली घेऊन उभे. सावंतकाकूंचा भाऊ आला, पोलीस लाइनीतला एक हवालदार आला. काकू मला म्हणाल्या, "तुमच्यात पण देऊळच म्हणतात होय? मग बरा. भावाक सांगतंय, देवळात जातंय म्हणून सांग घरी, खोटा नको बोलूक."

देऊळ कशासाठी असतं, यावर आपण किती बोललो. मी म्हणायचे, माणसाची लाज झाकायला जागा पाहिजे, जगात ती कुठेच नाही, निदान देवळात असावी. तू म्हणायचीस, लाज झाकायला प्रत्येकाचं घर आहे की, देवळात तरी उघडी करता आली पाहिजे. अजूनही मला वाटतं आपण दोघी बरोबर होतो, आणि एकाच देवळात दोन्ही कसं बसवायचं ते अजून मला उमगत नाही.

तुझी एक गोष्ट मला फार नवलाची वाटते. आशिष सुटला. हॉल उघडला. किती घरं सावरली. तू एकदाही म्हणाली नाहीस की बघ, माझ्या त्या प्रार्थनेनं झालं. मी वाट बघत होते तू म्हणशील म्हणून. उत्तर तयार ठेवलं होतं, की चांगलं झालं म्हणून चोरी ही चोरी राहत नाही का? नऊ वर्षं ते उत्तर तोंडात धरून बसले. तू मला वापरूच दिलं नाहीस.

आणि दुसरीकडे, चुकलं असंही म्हणाली नाहीस. चुकलं नाही म्हणतेस तर भाकर घे. घेत नाहीस तर चुकलं म्हण. हे मला सुटायचं नाही. सुटलं ते हॉस्पिटलात.

तुझी लेक औषधं आणायला खाली गेली होती. मी तुझ्या पायांवर चादर ओढत होते. तू म्हणालीस, "पहिल्या रविवारसाठी मनुका भिजवशील?"

मी म्हटलं, "तू येशीलच की तोवर."

"भिजव तू." मग थोडा दम खाल्लास. "लीला, माझं चुकलं की नाही ते मला कधी कळलंच नाही. लई विचार केला. पण तुझ्या मनात आहे ते मला दिसायचं. थांबायला तेवढं पुरे होतं."

मी म्हटलं, "माझ्या मनात काही नाही. झोप आता."

माझं सगळ्यांत मोठं खोटं ते, नाशिकच्या पेढ्यांहून मोठं. तू माझ्याकडे बघितलंस, 'बरं' म्हणालीस, आणि डोळे मिटलेस. दोन दिवसांनी तू गेलीस. खरं म्हणजे मी काय म्हणायला हवं होतं? माफ केलं म्हणायला हवं होतं? जिभेवर आलं होतं. पण 'माफ केलं' म्हणायचं तर आधी 'मनात होतं' म्हणावं लागतं, तिथे मी अडले.

तुझ्या मातीला आशिष होता. पेटीचा पुढचा उजवा कोपरा त्यानं धरला, शेवटपर्यंत कुणाला दिला नाही. त्यानंतरच्या गुरुवारी तो हॉलवरून आला. आता चहाची किटली तो सांभाळतो, दिवसा शाळेची बस चालवतो, ते तुला ठाऊक आहेच. जेवता जेवता त्यानं विचारलं,

"आई, एस्तेरमावशीला माफ केलंस का गं?"

"तुला काय करायचंय त्याच्याशी?"

"मलाच करायचंय. पीत मी होतो. बातमी माझी होती."

मी भात वाढत होते, ती थांबले.

"मी तुला सांगितलं होतं, कुणाला सांगू नको," तो म्हणाला. "तू मावशीला सांगितलंस."

"एकटीला सांगितलं मी."

"तिनंपण एकट्यालाच सांगितलं. देवाला."

एस्तेर, मी ताटाकडे बघत बसले. नऊ वर्षं मी तुझा हिशेब मांडत होते, आणि पहिली ओळ माझीच होती. तू मोठ्यानं केलंस, मी मेथीच्या जुडीआड हळू आवाजात केलं. त्याला विचारलं कुणी? मीही नाही, तूही नाही.

मी म्हटलं, "तुला राग आला होता माझा?"

"आला होता. वर्ष-दोन वर्षं."

"बोलला नाहीस."

"तू विचारलंस कुठे?"

"आता विचारते."

तो उठला, हात धुतले, टॉवेलला पुसले. म्हणाला, "आता काय. आता मी आहे ना समोर." आणि थोड्या वेळानं, "रविवारी तुकडे बारीक काप. मावशी आजारी होती तेव्हा कुणीतरी वांग्याच्या फोडी केल्या होत्या."

म्हणजे त्या दोन वर्षांत, मी भाकर घेत होते तेव्हा, माझ्याही विरुद्ध कुणाच्यातरी मनात होतं, आणि ते माझ्याच घरात, माझ्याच ताटाशेजारी बसून जेवत होतं. तुला माझ्या मनातलं पुढच्या बाकावर पाठमोरी बसून दिसलं. मला पोटच्या पोराचं समोरून दिसलं नाही. हे तुला कसं जमायचं गं? हे विचारायचं राहिलं.

हे सगळं लिहून मी आशिषला वाचून दाखवलं. या वेळी आधी विचारलं. तो म्हणाला, छाप. फक्त एक दुरुस्ती सांगितली. मी लिहिलं होतं की बाटली कपाटावर असायची. म्हणाला, "कपाटावर कधीच नव्हती. पिंपामागे होती. खरं लिहायचंय तर नीट खरं लिही." तशी दुरुस्ती केलीय.

आता माझं काय ठरलं ते ऐक. या रविवारी थाळी आली की मी शेजारणीकडे देणार. शिक्षा म्हणून नाही, तू तर शिक्षेच्या विरुद्धच होतीस. मला बघायचंय. स्वतः कापलेला तुकडा बोटांखालून जातो तेव्हा कसं वाटतं, भूक लागते की हलकं वाटतं, डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे. तू नऊ वर्षं केलंस ते मी एक महिना करून बघते. पुढच्या महिन्यात घेईन. आशिष बाजूला बसणार आहे, त्यालाच सांगितलंय थाळी पुढे करायला.

आणि हॉस्पिटलात जे म्हणायचं होतं ते आता म्हणते, उशीर झाला तरी. एस्तेर, माझ्या मनात होतं. पुष्कळ होतं. आता शोधते तर सापडत नाही. आणि तुझ्या मनात माझ्याविषयी काही होतं का, खोटं बोलले म्हणून, तेवढं मला सांगून जा.

म्हणून ये. आपल्यात मेलेली माणसं अशी येत-जात नाहीत, ते मला ठाऊक आहे, पाळकसाहेबांना सांगू नकोस मी बोलावलं म्हणून. शनिवारी दुपारी ये. लिफ्टनं सतरावा दाब, डावीकडचं दुसरं दार. मी पाव कापत असेन. कडांचा चिवडा करणार आहे, मिरची तुझ्या हातानं पडू दे, माझा अंदाज चुकतो. दार नुसतं लोटलेलं असेल. कडी वाजवून वाटी ठेवून परत जाऊ नकोस या वेळी. आत ये, बस, आणि घर बघ.